दहावीनंतरचा क्लास ठरवताना स्वतःचे पूर्वग्रह कसे पकडायचे: टप्प्याटप्प्याने

दहावीचा निकाल लागायच्या आधीच घरात चर्चा सुरू होते. मेडिकलची नीट की इंजिनिअरिंगची जेईई, लातूरला पाठवायचं, कोट्याला की गावातच, इंटिग्रेटेड (कॉलेज आणि क्लास एकत्र) घ्यायचं की साधं कॉलेज. मुलाची दोन वर्षं आणि घरातली लाखांतली रक्कम यात जाते. पालक मेहनतही खूप घेतात, पण क्रम चुकतो. आधी डेमो लेक्चर होतं, मग चौकातल्या फलकावरचे फोटो, मग ओळखीतल्या एका यशस्वी मुलाच्या वडिलांना फोन. मन ठरून गेलं की शेवटी फायद्या-तोट्यांची यादी करायला बसतात, आणि ती यादी ठरलेल्या निर्णयाची वकिली करते.

दुसरी चूक वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या पालकांची. ते पूर्वग्रहांचे प्रकार वाचतात आणि लगेच दुसऱ्यांत ओळखू लागतात: मेव्हण्याला स्टेटसची पडली आहे, शेजारी गर्दीमागे धावताहेत. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिलं की बहुतेक माणसं स्वतःला इतरांपेक्षा कमी पूर्वग्रही समजतात, आणि पूर्वग्रहाचं वर्णन वाचायला दिल्यावरही त्यांचं हे मत हलत नाही. आत डोकावून तो दिसत नाही. तुम्ही माहिती मिळण्याआधी काय लिहिलं होतं आणि नंतर काय म्हणू लागलात, या दोन्हींतल्या फरकात तो सापडतो. म्हणून खालच्या टप्प्यांत क्रम सर्वांत महत्त्वाचा. एकही टप्पा पुढे-मागे करू नका.

## तयारी

एक साधी वही आणि पेन घ्या. फोनवर लिहू नका, तिथला मजकूर नकळत बदलता येतो. प्रत्येक पानावर तारीख घाला. खोडायचं झालं तर एक रेघ मारा, जुनं वाचता आलं पाहिजे.

निर्णयात ज्यांचा वाटा आहे त्या प्रत्येकाची पानं वेगळी: आई, वडील आणि ज्याला दोन वर्षं शिकायचं आहे तो मुलगा किंवा मुलगी. आजी-आजोबा किंवा काका फी भरण्यात सहभागी असतील तर त्यांचंही एक पान. सातव्या टप्प्यापर्यंत कुणी कुणाचं वाचायचं नाही.

हाताशी तीन आठवडे ठेवा. "या रविवारपर्यंत प्रवेश घेतला तर सवलत" ही मुदत क्लासची आहे, तुमची नाही.

सावधान: जागा राखून ठेवण्यासाठी थोडी रक्कम भरून टाकू नका. पैसे भरले की त्याच क्षणापासून मन ते योग्य होते याची कारणं शोधायला लागतं. आधीच भरले असतील तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, "हे पैसे गेले असं धरून पुढचा विचार करतो," आणि पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करा.

## टप्पा १: प्रश्न लिहा, आणि मग तो एक पाऊल मागे न्या

बहुतेक वह्यांत पहिला प्रश्न असतो: "कुठल्या क्लासला घालायचं?" या प्रश्नात तीन उत्तरं आधीच गृहीत धरलेली आहेत. मेडिकल किंवा इंजिनिअरिंगच करायचं, त्यासाठी क्लास हवाच, आणि तो याच महिन्यात ठरवायचा.

प्रश्नाखाली "हे विचारताना मी काय धरून चाललोय?" असं लिहून प्रत्येक गृहीतक वेगळ्या ओळीत मांडा. मग प्रत्येकापुढे ते कुठून आलं ते लिहा: मुलाने स्वतः सांगितलं, शाळेतल्या मार्कांवरून वाटलं, घरात आधीचे दोन डॉक्टर आहेत, की सोसायटीतली सगळी मुलं तिकडेच चालली आहेत. शेवटची दोन कारणं लिहिताना हात अडखळतो. तिथे थांबू नका, लिहून मोकळे व्हा. ती कारणं वाईट नसतात, पण न लिहिता राहिली तर बाकीच्या सगळ्या कारणांच्या मागून तीच निर्णय घेतात.

## टप्पा २: आजचं मत आकड्यात नोंदवा

"मला आज वाटतं की अमुक पर्याय घ्यावा, आणि मला याची ७० टक्के खात्री आहे." एवढं एकच वाक्य. शेजारी दोन ओळींत कारण.

हे लिहिण्याचं कारण सरळ आहे. माणसाला आपलं जुनं मत आठवत नाही. निकाल कळल्यावर "मला आधीच वाटलं होतं" असं प्रामाणिकपणे वाटायला लागतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली हे प्रयोगाने दाखवलं होतं. आजचा आकडा कागदावर नसेल तर दोन वर्षांनी तुम्हाला स्वतःच्या विचाराबद्दल काहीही शिकता येणार नाही.

तपासा: आकडा १०० किंवा ५० आला असेल तर पुन्हा विचार करा. १०० लिहिणारा शोध घ्यायला तयार नसतो, आणि ५० लिहिणाऱ्याचं मत बहुधा असतं, पण तो ते सांगायला कचरतो.

## टप्पा ३: निकष आधी, भेट नंतर

एकाही क्लासमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी निकष लिहायचे आणि त्यांना वजन द्यायचं. घरापासून अंतर, एका बॅचमध्ये किती मुलं, शंका विचारायला वेगळा वेळ आहे का, दोन्ही वर्षं तेच शिक्षक राहतात का, झोप आणि जेवण नीट होईल का, मध्येच सोडलं तर फी परत मिळते का. सहा-सात निकष पुरेत. एकूण शंभर गुण त्यांच्यात वाटून टाका.

हे आधी का? डेमो लेक्चर बहुधा क्लासचा सर्वांत बोलका शिक्षक घेतो. लेक्चर आवडलं की आपण नकळत "शिकवण्याची शैली" या निकषाचं वजन वाढवतो आणि घरापासूनचं अंतर "तसं काही फार नाही" असं म्हणून टाकतो. वजन कागदावर असलं की ही सरकवासरकव लगेच लक्षात येते.

मग प्रत्येक पर्यायासाठी एक वाक्य पूर्ण करा: "मला ______ दिसलं तर मी हा पर्याय सोडीन." उदाहरणार्थ, "एका बॅचमध्ये ऐंशीपेक्षा जास्त मुलं दिसली तर सोडीन." ज्या पर्यायासाठी ही जागा भरता येत नाही, त्याच्या बाबतीत तुमचा निर्णय झालेला आहे. तसं वहीत स्पष्ट लिहा.

अदलाबदल करून पाहा: घरात मुलगी असेल तर तिच्या जागी मुलगा आहे असं धरून तेच निकष पुन्हा वाचा. मुलगा असेल तर उलट. "एकटी परगावी कशी राहील" हा निकष मुलीच्या पानावर आहे आणि मुलाच्या पानावर नसता, तर तो क्लासबद्दलचा निकष नव्हता. हॉस्टेलच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, पण तो मुलालाही लागू होतो. दोघांसाठी सारखाच विचारा. फीच्या मर्यादेचीही हीच परीक्षा घ्या: मुलासाठी तीन लाख आणि मुलीसाठी दीड, असा फरक अनेक घरांत कुणी मोठ्याने न बोलता होतो.

## टप्पा ४: आपल्या मुलाकडे बघण्याआधी सगळ्यांकडे बघा

"आमचा हुशार आहे, त्याचं होईल." हे वाक्य खरं असू शकतं, पण सुरुवात तिथून करायची नसते. आधी सर्वसाधारण आकडा लिहायचा, मग आपल्या मुलाच्या माहितीनुसार तो वर किंवा खाली न्यायचा.

नीटचं उदाहरण घ्या. २०२४ साली ही परीक्षा २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. त्यांतले सुमारे १३ लाख पात्र ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र १ लाख १० हजारांच्या आसपास होत्या, आणि त्यांतल्या सरकारी कॉलेजांतल्या साधारण निम्म्या. म्हणजे परीक्षा देणाऱ्या ढोबळ वीस मुलांमागे एकाला एमबीबीएसची जागा, आणि चाळिसामागे एकाला सरकारी.

यातून दोन गोष्टी वहीत उतरवा. पहिली: "आमचे इतके विद्यार्थी नीट पात्र" या जाहिरातीला जवळजवळ काहीच अर्थ नाही, कारण निम्म्याहून अधिक मुलं पात्र ठरतात आणि पात्र ठरलेल्यांतल्या दहा-बारांमागे एकालाच जागा मिळते. दुसरी: आपल्या मुलाचा अंदाज वीसमागे एक इथून सुरू करून वर न्यायचा असेल तर कारण लिहावं लागेल. दहावीचे टक्के हे कमकुवत कारण आहे, कारण तेवढे टक्के लाखो मुलांना असतात. विज्ञान आणि गणितातली समज वेळ लावून तपासलेली असणं, रोज स्वतःहून अभ्यासाला बसण्याची सवय, एखाद्या स्पर्धा परीक्षेतला निकाल, ही जास्त भक्कम कारणं.

प्रवर्ग आणि कोट्यानुसार चित्र बदलतं. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात, १५ टक्के अखिल भारतीय. राज्यातले मेडिकलचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या वर्षांच्या याद्यांत आपल्या प्रवर्गाचा कटऑफ बघा आणि तो लिहा. ओळखीतल्या कुणाचे ऐकलेले मार्क लिहू नका.

## टप्पा ५: जे दिसत नाहीत त्यांना शोधा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. बाकीचे सगळे टप्पे नीट केले आणि हा घाईत उरकला तर निर्णय फलकच घेतो.

फलकावर तीस चेहरे असतात. प्रश्न एकच: कितींपैकी तीस? तीनशेंपैकी असतील तर तो चांगला क्लास आहे. सहा हजारांपैकी असतील तर गावातल्या सरासरीपेक्षाही तो वाईट असू शकतो. न उत्तीर्ण झालेल्यांचे फोटो कुणी लावत नाही, म्हणून ते आपल्या विचारातही येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात गणितज्ञ अब्राहम वाल्ड यांनी बॉम्बफेकी विमानांबद्दल हेच दाखवून दिलं. परत आलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांच्या खुणा नव्हत्या तिथेच जास्त संरक्षण हवं होतं, कारण त्या जागी गोळी लागलेली विमानं परतच आली नव्हती.

क्लासमध्ये गेल्यावर हे प्रश्न कागदावरून वाचून विचारा, आणि उत्तर तिथेच लिहून घ्या:

१. दोन वर्षांपूर्वी अकरावीच्या सुरुवातीला या बॅचमध्ये किती मुलं होती? बारावीच्या शेवटी किती उरली?
२. त्या सगळ्यांपैकी कितींना एमबीबीएसची जागा मिळाली? त्यांतल्या सरकारी किती?
३. फलकावरची मुलं पूर्ण दोन वर्षं इथे होती की फक्त टेस्ट सिरीजला किंवा शेवटच्या क्रॅश कोर्सला?
४. त्यांतली पहिल्याच प्रयत्नातली किती आणि वर्ष ड्रॉप घेतलेली किती?
५. सर्व बॅचेसना तेच शिक्षक शिकवतात का, की प्रवेश परीक्षेत वर आलेल्यांची वेगळी "स्टार" बॅच असते? आमचं मूल कुठल्या बॅचमध्ये बसेल?

पाचवा प्रश्न विसरू नका. फलकावरचे चेहरे बहुतेक वेळा एका निवडक बॅचचे असतात, आणि ती मुलं प्रवेशाच्या दिवशीच पुढे होती. त्यांच्या यशात क्लासचा वाटा किती, हे त्यांच्याकडे बघून कळत नाही. कळायचं असेल तर मधल्या बॅचमधल्या मुलांकडे बघावं लागतं.

तिसऱ्या प्रश्नाला आता नियमांचा आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरताना त्याने कुठला कोर्स केला होता, किती काळ आणि तो सशुल्क होता का, हे सांगणं त्यांत अपेक्षित आहे. फलकावर ही माहिती नसेल तर ती मागण्यात काहीच वावगं नाही.

आता फोनबद्दल. आपण ज्यांना फोन करतो ती यादी आपल्या मतासारखीच कललेली असते. क्लासने दिलेले नंबर बाजूला ठेवा. शाळेतल्या शिक्षकांकडून, हॉस्टेलच्या किंवा मेसच्या चालकाकडून, दोन वर्षांपूर्वी तिथे असलेल्या पण मेडिकलला न गेलेल्या मुलांची घरं शोधा. किमान तितक्याच संख्येने, जितक्या यशस्वी मुलांच्या घरी तुम्ही बोलाल. बोलताना "क्लास चांगला आहे ना?" असं विचारू नका, त्यावर समोरचा हो म्हणतो. "मध्येच कुणी सोडून गेलं का आणि का?", "आज पुन्हा ठरवायचं झालं तर काय वेगळं कराल?" असं विचारा. ज्या घरात नुकताच अपेक्षाभंग झालाय तिथे हळुवार बोला, आणि मुलाशी बोलायचं असेल तर आई-वडिलांना विचारून.

हे अवघड का जातं, त्याचा एक जुना प्रयोग आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली लोकांना २-४-६ ही तीन आकड्यांची मालिका दिली आणि तिच्यामागचा नियम शोधायला सांगितला. बहुतेकांनी "दोनाने वाढणारे आकडे" असा अंदाज बांधला आणि ८-१०-१२ सारख्या, अंदाजाला जुळणाऱ्याच मालिका विचारून बघितल्या. प्रत्येक वेळी "बरोबर" उत्तर आलं. खरा नियम होता, फक्त चढते आकडे. १-२-१७ असं एकदा विचारलं असतं तरी अंदाज मोडला असता. यशस्वी मुलांच्या घरी केलेला प्रत्येक फोन हा ८-१०-१२ असतो.

तपासा: या टप्प्यानंतर तिसऱ्या टप्प्यातली "मला ______ दिसलं तर सोडीन" ही वाक्यं काढा. तसं काही दिसलं का? दिसलं असूनही "पण" लिहावंसं वाटतंय का? तो "पण" जसाच्या तसा वहीत लिहा. अख्ख्या वहीत तुमचा पूर्वग्रह इथेच सर्वांत स्पष्ट दिसेल.

## टप्पा ६: फीचा आकडा ऐकण्याआधी स्वतःचा लिहा

घरात बसून ठरवा: दोन वर्षांसाठी राहणं-जेवण धरून आपण जास्तीत जास्त किती खर्च करू. मगच चौकशीला जा. तीन लाखांवर काट मारून दोन लाख दहा हजार लिहिलेलं पत्रक हातात आलं की नव्वद हजार वाचल्यासारखं वाटतं, आणि तुमची स्वतःची मर्यादा मागे पडते. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनेमन यांच्या १९७४ च्या लेखातल्या प्रयोगात लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं जायचं. ते १० वर थांबलं की संयुक्त राष्ट्रांतल्या आफ्रिकी देशांचा वाटा लोक मध्यमानाने २५ टक्के सांगायचे, ६५ वर थांबलं की ४५ टक्के. चक्राचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता.

## टप्पा ७: वह्या उघडा, पण धाकट्यापासून

घरात सर्वांत मोठ्याने आधी मत मांडलं की चर्चा संपते. पुढचे सगळे "मलाही तसंच वाटतं" म्हणतात. म्हणून पानं आधी लिहून झालेली असतात, आणि वाचायची सुरुवात ज्याला शिकायचं आहे त्याच्यापासून. त्याचं पान पूर्ण वाचून होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही, चेहरेही करायचे नाहीत.

मग सगळ्यांनी मिळून एक प्रसंग कल्पायचा. निर्णय संशोधक गॅरी क्लाइन यांची ही रीत आहे. दोन वर्षं उलटली, निवडलेला पर्याय पूर्ण फसला. काय झालं असेल ते प्रत्येकाने दहा मिनिटं लिहायचं. "फसेल का?" असं विचारलं की लोक धीर देतात. "फसलंय, कशामुळे?" असं विचारलं की कारणं बाहेर येतात: मेसचं जेवण मानवलं नाही, मैत्री तुटली, जीवशास्त्र कधी आवडलंच नव्हतं, आजारपणात दोन महिने गेले. मुलांच्या यादीतली कारणं बहुधा पालकांच्या यादीत नसतात. त्यांतल्या प्रत्येकावर काय करता येईल ते समोर लिहा. ज्यावर काहीच करता येत नाही असं कारण दोन याद्यांत आलं असेल तर निर्णय पुढे ढकला.

सावधान: मुलाने या बैठकीत सांगितलेली भीती नंतर कधीही टोमणा म्हणून वापरू नका. एकदा तसं झालं की पुढच्या प्रत्येक वहीत तो तुम्हाला हवं तेच लिहील.

## टप्पा ८: ठरवा, आणि थांबण्याची अट त्याच दिवशी लिहा

आता निकषांचे गुण मांडा आणि बेरीज करा. बेरजेचं उत्तर पटलं नाही तर ते लगेच मान्य करण्याची सक्ती नाही. पण तुम्ही कुठला निकष विसरला होता ते लिहा. त्याला वजन द्या, आणि तो सगळ्या पर्यायांना लावा. आवडत्या एकालाच लावायचा नाही.

दुसऱ्या टप्प्यातला टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहा. इतकी माहिती मिळूनही ७० चे ७० च राहिले असतील तर एकतर माहिती नवी नव्हती, किंवा तुम्ही ती आत येऊ दिली नाही. पाचव्या टप्प्यातली पानं पुन्हा वाचा.

मग थांबण्याची अट. "दिवाळीनंतर मूल सलग तीन आठवडे नीट झोपत नसेल, किंवा स्वतःहून तिसऱ्यांदा सोडायचं म्हणालं, तर आम्ही बदल करू." ही अट पैसे भरण्याआधीच लिहावी लागते. नंतर मनात एकच वाक्य फिरतं: "एवढी फी भरलीय, आता कसं सोडायचं?" जी फी परत मिळणारच नाही, ती राहिलं तरी येत नाही आणि सोडलं तरी नाही. विचार फक्त पुढच्या महिन्यांचा करायचा. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, पूर्ण फी भरून मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची रक्कम दहा दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. तुमच्या क्लासचा नियम काय आहे ते प्रवेशाच्या दिवशी पावतीसोबत लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

ड्रॉपचं वर्ष घ्यायची वेळ आली तर हीच पद्धत पहिल्या टप्प्यापासून, नव्या पानावर. आधीच्या दोन वर्षांची वही त्या वेळी फक्त माहितीसाठी उघडायची.

## टप्पा ९: ठरलेल्या तारखांना वही उघडा

तीन तारखा आजच लिहून ठेवा: पहिल्या सत्राचा शेवट, अकरावीचा शेवट, आणि अंतिम निकालानंतर साधारण महिनाभराने. निकालाच्या आठवड्यात वही उघडू नका, त्या दिवसांत घरात कुणाचंच मन स्थिर नसतं.

शेवटच्या तारखेला दोन वेगळे प्रश्न वेगळ्या पानांवर लिहा. निकाल काय लागला? आणि त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर निर्णय नीट घेतला होता का? चांगला निर्णय घेऊनही जागा हुकू शकते, आणि कशीही निवड करूनही ती मिळू शकते. पहिल्या पानावरून दुसऱ्याचं उत्तर ठरवू नका. कुठली माहिती मिळवता आली असती पण विचारली नाही, कुठला "पण" चुकीचा निघाला, सातव्या टप्प्यात मुलाने सांगितलेली कुठली गोष्ट खरी ठरली, एवढ्या तीन ओळी लिहा. धाकट्या भावंडाची दहावी येईल तेव्हा त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या उतरवून घ्या, आणि त्याचा प्रश्न त्याला स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगा.